दुर्मिळ रोग आणि दुर्लक्षित संशोधक

फेब्रुवारीची अठ्ठावीस तारीख आपल्या देशात राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरी होते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात लावलेल्या शोधाचे ते स्मरण होय. त्या दिवशी शाळाशाळांतून भाषणे होतात, प्रयोगशाळांची दारे सामान्यजनांसाठी उघडली जातात आणि मंत्रिमहोदय तरुणांना संशोधनाकडे वळण्याचा उपदेश करतात. त्याच फेब्रुवारीचा अखेरचा दिवस २००८ सालापासून जगभर दुर्मिळ रोगांचा दिवस म्हणून पाळला जातो. लीप वर्षाचा अपवाद सोडला तर हे दोन्ही दिवस एकाच तारखेस येतात. परंतु सभागृहातील विज्ञानाचा जयजयकार आणि त्याच वेळी रुग्णालयाच्या बाकावर, मांडीवर मूल घेऊन बसलेली आई, या दोहोंचा परस्परांशी काही संबंध आहे हे आपल्या ध्यानीही येत नाही. हा संबंध जोडणारा मनुष्य म्हणजे पीएच. डी. अथवा वैद्यकाची उच्च पदवी संपादन करून पुढे एखाद्या प्रयोगशाळेत अल्प वेतनावर, अल्प मुदतीवर काम करणारा तरुण संशोधक. त्याच्याविषयी आणि त्या आईविषयी आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

वृत्तपत्रव्यवसायात पडण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळामास्तरकी केली. त्या काळात आमच्या वर्गातील एका मुलास नेण्यासाठी त्याची आई रोज शाळेच्या फाटकाशी येई. तिच्या कडेवर एक धाकटी मुलगी असे. ही मुलगी दीड वर्षाची होईपर्यंत चारचौघींसारखी होती. 'आई', 'दादा' म्हणे, हातात बिस्किट धरून खाई. पुढे काही महिन्यांतच तिची वाचा गेली, वस्तू धरणे गेले आणि दोन्ही हात एकमेकांवर चोळत राहण्याचा, जणू अखंड हात धूत असल्याचा एक विलक्षण चाळा तिला जडला. शेजारणींनी दृष्ट काढून पाहिली. घरच्या वडीलधाऱ्या मंडळींनी, पोटुशी असताना ग्रहणात विळीवर भाजी चिरली असशील, असा ठपका त्या माउलीवर ठेवला. एकदा तिने आम्हांलाच विचारले, "सर, खरंच माझ्या हातून काही चुकलं असेल का हो?" आम्ही कला शाखेचे पदवीधर, आम्हांला काहीच सांगता आले नाही. त्या मुलीच्या रोगाचे नाव आम्ही आजही निश्चयाने सांगू शकत नाही, कारण ते शोधण्याचा प्रयत्नच कधी झाला नाही. पुढे कित्येक वर्षांनी 'रेट सिंड्रोम' या व्याधीचे वर्णन आमच्या वाचनात आले, तेव्हा मात्र फाटकाशी उभी असलेली ती मायलेकरे डोळ्यांपुढे उभी राहिली.

या व्याधीच्या शोधाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९५४ साली व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांच्या प्रतीक्षागृहात दोन मुली आपापल्या आईच्या मांडीवर बसल्या होत्या आणि दोघीही अगदी सारख्याच रीतीने हात चोळीत होत्या. त्या दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. रेट यांनी अशा आणखी मुलींचा शोध घेतला आणि १९६६ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु ते जर्मन भाषेत असल्यामुळे बाहेरच्या वैद्यकविश्वाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. पुढे १९८३ साली स्वीडनचे बेंग्ट हागबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी अशा ३५ मुलींची हकिकत इंग्रजीत प्रसिद्ध केली व तीत रेट यांचे नाव या रोगास दिले, तेव्हा कोठे जगाला त्याची ओळख पटली. मधली सतरा वर्षे रोग तोच होता आणि मुलीही होत्याच. नव्हते ते केवळ नाव.

त्याच १९८३ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे हुदा झोग्बी या तरुण डॉक्टरबाईंनी अशी एक मुलगी तपासली. झोग्बी मूळच्या लेबनॉनमधील बैरूतच्या. १९७५ साली तेथे पेटलेल्या यादवी युद्धामुळे मायदेशातील वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्यांना अमेरिकेत यावे लागले होते. सर्व रुग्ण मुलीच आहेत आणि सर्वांची लक्षणे इतकी सारखी आहेत, त्या अर्थी मूळ कारण जनुकातच असले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु रुग्ण मुलीच्या घरात दुसऱ्या कोणास हा विकार बहुधा आढळत नसे. मग तो आनुवंशिक कसा म्हणावयाचा, अशी शंका अनेकांस येत होती. झोग्बी यांनी वैद्यकातील शिक्षण पुरे झाल्यावर पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली, रेण्वीय आनुवंशिकीचे धडे घेतले आणि स्वतःची प्रयोगशाळा उभारली. मध्यंतरी १९९३ साली त्यांनी हॅरी ऑर यांच्या सहकार्याने तोल जाण्याच्या एका निराळ्या मेंदूविकाराचे जनुक शोधून काढले. परंतु पहिला प्रश्न त्यांनी सोडला नाही. 'एक्स' गुणसूत्राच्या टोकाकडील प्रदेशातील एकेक जनुक तपासावयाचे, ते निर्दोष आढळले की बाजूस ठेवावयाचे आणि पुढचे हाती घ्यावयाचे, असा तो क्रम होता. अखेर १९९९ साली त्यांच्या प्रयोगशाळेतील रूथी अमीर या पदव्युत्तर संशोधिकेस 'एमईसीपी-२' नावाच्या जनुकात तो दोष सापडला. पहिला रुग्ण पाहिल्यापासून या दिवसापर्यंत सोळा वर्षे लोटली होती.

या शोधाने काय साधले? सर्वप्रथम त्याने मातांच्या माथ्यावरील कलंक पुसून टाकला. या रोगाच्या बहुतेक सर्व रुग्णांत जनुकातील बिघाड आईबापांकडून वारशाने आलेला नसतो. तो त्या बालकाच्या बाबतीत नव्यानेच घडलेला असतो. इतकेच नव्हे, तर असा नवा बिघाड बहुधा पित्याच्या बीजपेशीत घडतो, असेही पुढील अभ्यासात दिसून आले. त्यात पित्याचाही यत्किंचित दोष नाही. कोट्यवधी अक्षरांच्या नकला करताना लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर चुकावे, तशी ती निसर्गाची चूक आहे. ज्या समाजात मुलांच्या प्रत्येक व्यंगाचा जाब आईला विचारला जातो, त्या समाजाच्या दृष्टीने प्रयोगशाळेत सापडलेले हे एक वाक्य शंभर प्रवचनांहून अधिक मोलाचे आहे. शाळेच्या फाटकाशी त्या माउलीने आम्हांस विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ह्यूस्टनमधील एका संशोधिकेने दिले. दुर्दैव एवढेच की ते तिच्यापर्यंत पोहोचले नाही.

दुसरी गोष्ट याहूनही विचार करण्याजोगी आहे. ज्या प्रथिनाच्या अभावी हा रोग होतो, ते प्रथिन आधीच ठाऊक झाले होते. एडिंबरोचे एड्रियन बर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली ते शोधले, तेव्हा त्यांच्यापुढे कोणताही रोग नव्हता आणि कोणताही रुग्ण नव्हता. जनुकांवर निसर्ग ज्या रासायनिक खुणा करून ठेवतो, त्या खुणा पेशीत कोण वाचतो, एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे होते. 'याचा उपयोग काय?' असे त्यांना त्या वेळी कोणी विचारले असते, तर त्यांना काही उत्तर देता आले असते असे वाटत नाही. पुढे २००७ साली याच बर्ड यांनी, जॅकी गाय प्रभृती सहकाऱ्यांसह, उंदरांवर एक प्रयोग केला. हे जनुक बंद ठेवल्यामुळे ज्यांच्यात रोगाची लक्षणे दिसू लागली होती अशा वाढ झालेल्या उंदरांत ते पुन्हा चालू करताच ती लक्षणे बव्हंशी नाहीशी झाली. मेंदूची वाढ एकदा बिघडली की ती कायमची बिघडली, या रूढ समजुतीला त्यामुळे धक्का बसला. या रोगात मेंदूतील पेशी मरत नाहीत, त्यांचे कार्य खुंटलेले असते, आणि जे खुंटलेले आहे ते पुन्हा चालू होण्याची निदान आशा तरी धरता येते. झोग्बी आणि बर्ड या दोघांना मिळून २०२० साली मेंदूविज्ञानातील 'ब्रेन प्राइझ' हे पारितोषिक देण्यात आले.

वाचकांच्या मनात खोटी आशा निर्माण करण्याची आमची इच्छा नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शिवाय हे प्रथिन कमी पडले तर जसा अपाय होतो, तसा ते अधिक झाले तरी होतो, हे झोग्बी यांच्याच प्रयोगशाळेने २००४ साली दाखवून दिले आहे. म्हणून निर्दोष जनुक बाहेरून पोहोचविण्याचे काम औषधाचा थेंब मोजण्यापेक्षाही नाजूक आहे. त्या दृष्टीने रुग्णांवरील चाचण्या आता कोठे सुरू झाल्या आहेत. २०२३ साली अमेरिकेत या रोगावरील पहिल्या औषधास मान्यता मिळाली. परंतु ते काही लक्षणांचा जोर कमी करते, रोग मुळापासून काढीत नाही, आणि त्याची किंमत आपल्याकडील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यापलीकडची आहे. वाट लांबची आहे. पण वाट आहे, हे आता निश्चित झाले आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गैरवाजवी आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या देशात क्षयरोगाने आणि कुपोषणाने अजून माणसे दगावतात, त्या देशाने दहा हजार मुलींत एकीला होणाऱ्या रोगाच्या संशोधनावर पैसा का खर्च करावा? आधी पोटोबा मग विठोबा, हा व्यवहाराचा न्याय येथेही लागू का करू नये? या प्रश्नाचे उत्तर आधी अंकगणितानेच देऊ. भारतात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बालके जन्मास येतात. त्यांत मुली सुमारे एक कोटी धरल्या, तरी दहा हजारांत एक या प्रमाणात दरसाल सुमारे एक हजार मुली केवळ या एका रोगाच्या वाट्यास जातात. आणि असे दुर्मिळ रोग एक-दोन नव्हेत, हजारो आहेत. त्यांतील बहुसंख्य जनुकांतील दोषामुळे होतात आणि कित्येकांचा आघात बालकाच्या मेंदूवर होतो. एकेकटा घेतला तर प्रत्येक रोग दुर्मिळ. सर्व मिळून पाहिले तर ते आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. दारे लावून घेतलेली असतात म्हणून ते दिसत नाहीत, इतकेच.

दुसरे उत्तर असे की, आपले रोग आपणच शोधले नाहीत तर ते दुसरे कोणी आपल्यासाठी शोधून देणार नाही. याचे उदाहरण फार दूर जाऊन शोधावयास नको. ते या मुंबईतच घडले आहे. बॉम्बे हॉस्पिटलमधील विख्यात मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांना आपल्या काही बालरुग्णांत एक समान गोष्ट दिसून आली. या मुलांचे डोके पहिल्या वर्षातच प्रमाणाबाहेर मोठे होई, पुढे हळूहळू त्यांचा तोल जाऊ लागे, अवयव ताठरत आणि झटके येत. मेंदूच्या चित्रांत त्यातील पांढऱ्या द्रव्याचा बिघाड स्पष्ट दिसे. यांतील अनेक कुटुंबे एकाच ज्ञातीतील, अगरवाल समाजातील होती. डॉ. सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निरीक्षण १९९० च्या दशकात प्रसिद्ध केले. त्याच सुमारास, १९९५ साली, हॉलंडमध्ये मार्यो फान डेर क्नाप यांनी याच विकाराचे वर्णन केले. २००१ साली त्याचे जनुक सापडले आणि पुढे या समाजातील रुग्णांत त्या जनुकातील एकच विशिष्ट बिघाड पुनःपुन्हा आढळतो, असे सिद्ध झाले. पिढ्यानपिढ्या ज्ञातीतल्या ज्ञातीत विवाह होत गेले की एखाद्या पूर्वजाच्या जनुकातील चूक दोन्हीकडून बालकाच्या पदरात पडण्याचा संभव वाढतो. हे एका समाजाचे वैगुण्य नव्हे. आपल्याकडील बहुतेक सर्व ज्ञातींत अशी एखादी चूक दडलेली असण्याचा संभव आहे. ती ठाऊक असेल तर विवाहापूर्वी किंवा गर्भावस्थेत साध्या रक्ततपासणीने सावध होता येते. व्हिएन्नातील प्रतीक्षागृहात रेट यांनी जे केले, तेच मुंबईच्या बाह्यरुग्ण विभागात घडले. एका जागरूक वैद्याने दोन मुलांमधील साम्य पाहिले आणि ते मनातून जाऊ दिले नाही.

मात्र वैद्याने पाहिलेल्या साम्यापासून जनुकापर्यंतचा आणि जनुकापासून उपचारापर्यंतचा प्रवास प्रयोगशाळेतील तरुण माणसेच करतात. या तरुणांची आपल्याकडे स्थिती काय आहे? पीएच. डी. होईपर्यंत तिशी जवळ आलेली असते. त्यानंतर जी शिष्यवृत्ती मिळते ती एक, दोन, फार तर तीन वर्षांची. केंद्र सरकारने २०२३ पासून रिसर्च असोसिएटची पहिली पायरी दरमहा ५८ हजार रुपये आणि वर घरभाडे अशी ठरविली आहे. ही वाढही सहजासहजी झालेली नाही. यापूर्वीच्या वाढीसाठी २०१८ च्या अखेरीस आणि २०१९ च्या आरंभी संशोधकांना देशभर रस्त्यावर उतरावे लागले होते. मुंबईत जागेचे भाडे काय आहे हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्यातही ही रक्कम दरमहा मिळतेच असे नाही. महिनोन्महिने ती अडकून राहते, अशी तक्रार संशोधकांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. घरी आईवडील विचारतात, "अजून किती शिकणार?" सासुरवाडीस 'जावई काय करतात' याचे उत्तर देणे अवघड जाते. आणि विवाहित संशोधिका असेल, तर मूल आणि प्रयोगशाळा यांतून एकीची निवड करण्याचा प्रसंग तिच्यावर नेमका याच वयात येतो. त्यांतील काही परदेशी जातात, काही औषधकंपन्यांत, काही संगणकाच्या धंद्यात शिरतात. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंतु आमच्या मते खरा प्रश्न पैशापेक्षाही मुदतीचा आहे. राष्ट्रीय पातळीवरील प्रमुख पदव्युत्तर शिष्यवृत्ती दोन वर्षांची आहे. ह्यूस्टनमधील प्रश्न सुटण्यास सोळा वर्षे लागली. दोन वर्षांत जनुकाचा दोष असलेले उंदीर वाढवून त्यांचा पुरता अभ्यास करणेही कठीण असते. सहा महिने परवानग्यांत आणि रसायने मागविण्यात जातात, आणि अखेरचे सहा महिने पुढची जागा शोधण्यात. अशा स्थितीत शहाणा तरुण सोपा प्रश्न निवडतो, ज्याचे उत्तर दोन वर्षांत छापून येईल असा. अवघड प्रश्न तसाच पडून राहतो, आणि त्याबरोबर ते मूलही. आंब्याची कोय लावून दुसऱ्याच वर्षी फळ मागणाऱ्यास आपण खुळा म्हणतो. विज्ञानाच्या बाबतीत मात्र तेच आपले अधिकृत धोरण होऊन बसले आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्च २०२१ मध्ये दुर्मिळ रोगांचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. २०२२ पासून त्यानुसार नेमलेल्या केंद्रांत रुग्णास पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद झाली, आणि आपल्या परळचे के. ई. एम. रुग्णालय त्या केंद्रांपैकी एक आहे. देशाच्या विविध समाजगटांतील सुमारे दहा हजार व्यक्तींच्या जनुकसंचाचे वाचन पूर्ण होऊन जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. ही सर्व पावले स्वागतार्ह आहेत. परंतु संशोधनावरील आपला एकूण खर्च २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के इतकाच होता, हेही विसरून चालणार नाही. ग्रंथालय बांधावयाचे, पुस्तके भरावयाची आणि वाचणाऱ्यास मात्र दाराबाहेर ताटकळत ठेवावयाचे, असा हा प्रकार आहे.

म्हणून आमच्या काही स्पष्ट सूचना आहेत. बालकांच्या मेंदूच्या दुर्मिळ विकारांसारखे दीर्घ मुदतीचे प्रश्न निवडून त्यांसाठी निदान पाच वर्षांच्या शिष्यवृत्त्या ठेवाव्यात. मधल्या काळात कामाची कसून तपासणी करावी, पण माणसास अधांतरी ठेवू नये. शिष्यवृत्तीची रक्कम पगाराप्रमाणे महिन्याच्या पहिल्या तारखेस खात्यावर जमा झालीच पाहिजे. ती अडविणाऱ्या कार्यालयास जाब विचारला जावा. दुर्मिळ रोगांच्या प्रत्येक केंद्रास जवळच्या प्रयोगशाळेची जोड द्यावी, म्हणजे बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टर आणि जनुकांचा अभ्यासक आठवड्यातून एकदा तरी एका टेबलाशी बसतील. आणि रोगाचे निदान झाल्यावर कुटुंबास मराठीत, धीराने, त्याचा अर्थ समजावून सांगणारा सल्लागार तेथे असला पाहिजे. नाही तर व्हिएन्नाच्या जर्मन लेखाचे जे झाले, तेच आपल्या इंग्रजी अहवालांचे होईल. ज्ञान कपाटात राहील आणि ठपका आईच्या माथी.

हे सारे सरकारनेच करावे असेही नाही. के. ई. एम. रुग्णालयाशेजारचे वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या नावाने उभे राहिले ते देणगीच्या बळावर, आणि तेथे भारतीय डॉक्टरच नेमले जावेत अशी स्वाभिमानाची अट त्या देणगीस जोडलेली होती. त्या पिढीने इमारती दिल्या. आजच्या धनिकांनी माणसांची वर्षे द्यावीत. एका संशोधकाची पाच वर्षे विकत घेण्यास या शहरातील एका मध्यम सदनिकेच्या किमतीहूनही कमी पैसा लागतो. त्यावर नावाची पाटी लावता येत नाही, ही त्यातील एकच उणीव.

शेवटी आमच्या वाचकांनाही काही सांगावयाचे आहे. आपल्या घरातील तरुण 'अजून शिकतोय' म्हणून ओशाळे होऊ नका. आणि घरात एखादे मूल वेगळे असेल तर त्याला आतल्या खोलीत दडवू नका, योग्य ठिकाणी दाखवा. रेट यांना साम्य दिसले ते दोन आया आपापल्या मुलींना घेऊन उघडपणे प्रतीक्षागृहात बसल्या होत्या म्हणून. ज्या मुलीला कोणी पाहिलेच नाही, तिच्या रोगाला नाव मिळत नाही.

आमच्या शाळेच्या फाटकाशी येणारी ती मुलगी आज कोठे आहे, आहे की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु तिच्या आईचा प्रश्न आज या क्षणी महाराष्ट्रातील कोणत्या तरी घरात दुसरी आई स्वतःलाच विचारीत असेल. "नाही बाई, तुमचं काहीच चुकलं नाही," हे तिला खात्रीने सांगता यावे इतके ज्ञान आज जगाकडे आहे. ते तिच्या दारापर्यंत नेणे आणि तिच्या मुलीसाठी पुढचे ज्ञान मिळविणे, ही दोन्ही कामे करणारी माणसे आपण पदरी बाळगणार की नाही, याचे उत्तर पुढील विज्ञान दिनाच्या भाषणांत नव्हे, पुढील अंदाजपत्रकात दिसले पाहिजे.